कुळागरातल्या वायरलेस डब्याला सरकारी मान्यता लागते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात तुमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे. डोंगराकडच्या टाकीत पाणी किती आहे ते खाली पंपघरात कळावं म्हणून ४३३ मेगाहर्ट्‌झची, वीस डीबीएमची (डीबीएम हे रेडिओच्या ताकदीचं माप) लोरा मॉड्यूल (कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारे रेडिओ) ऑनलाइन मागवून तुम्ही दोन डबे बनवले. ते चांगले चालतात, आणि आता शेजारचे बागायतदार तसेच डबे मागताहेत. तर सरकारचं लायसन लागतं का, आणि मॉड्यूलच्या पत्र्यावर एफसीसी, सीई (अमेरिकेच्या आणि युरोपच्या मान्यतेच्या खुणा) छापलंय तेवढं पुरतं का?

लहरींच्या मोकळ्या पट्ट्यांत, ठरलेल्या मर्यादेत राहिलात तर लायसन लागत नाही, पण मान्यता लागते. एफसीसी आणि सीई इथे चालत नाहीत. आणि तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून बघितलं तर तुमचं मॉड्यूल लायसन-माफीच्या मर्यादेत बसतच नाही, त्यामुळे शेजाऱ्यांना हो म्हणण्याआधी हे उत्तर पूर्ण वाचा. मी फोंड्यात पंपांची कंट्रोल पॅनल बनवतो आणि काही वर्षांपासून त्यांत रेडिओही बसवतो. यातल्या दोन चुका मी स्वतः केल्या आहेत, म्हणून जरा लांबण लावतोय.

आधी मूळ गोष्ट. आपल्या देशात रेडिओ लहरी सोडणारं कुठलंही यंत्र परवान्याखाली येतं. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यात तर असं यंत्र विनापरवाना नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा होता. २०२३ चा दूरसंचार कायदा १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या आणि या १९३३ च्या, अशा दोन्ही जुन्या कायद्यांच्या जागी आणला, पण त्यांच्याखाली केलेले नियम पुढे चालू ठेवायची सोय त्यात केलेली आहे. या नियमांनीच काही ठरावीक पट्टे सामान्य माणसासाठी मोकळे केलेत. हे सगळं दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी नावाची शाखा बघते. ही शाखा १९५२ पासूनची आहे.

आपल्या कामाचे पट्टे तीनच. वायफाय आणि ब्लूटूथचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये मोकळा झाला. त्याच वर्षी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा आरएफआयडीसाठी (वस्तूंवरच्या रेडिओ चिठ्ठ्या वाचण्यासाठी) मोकळा केला, आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवून कमी पल्ल्याच्या सगळ्याच उपकरणांना दिला. तिथे ट्रान्समीटरला १ वॅटपर्यंत, अँटेनातून बाहेर पडणाऱ्या ताकदीला ४ वॅटपर्यंत, आणि लहरीच्या रुंदीला २०० किलोहर्ट्‌झपर्यंत मुभा आहे. तिसरा पट्टा ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्‌झ, २०१२ च्या नियमांचा. तिथली मर्यादा फक्त १० मिलिवॅट आणि १० किलोहर्ट्‌झ रुंदी.

आता तुमचं मॉड्यूल बघा. वीस डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅट, म्हणजे मर्यादेच्या दहापट. लोराची नेहमीची रुंदी १२५ किलोहर्ट्‌झ, म्हणजे साडेबारापट. सॉफ्टवेअरमधून ताकद दहा डीबीएमवर आणता येईल, पण रुंदीचं काय करणार? शिवाय युरोपात हा पट्टा ४३४.७९ पर्यंत चालतो, त्यामुळे तिकडच्या बाजारासाठी बनलेल्या मॉड्यूलमध्ये ४३४ च्या वरचे चॅनेलही असतात. आपल्याकडे ४३४ ला रेघ संपते आणि तिथून ४३८ पर्यंत हॅम रेडिओवाल्यांचा पट्टा सुरू होतो. ते लोक परीक्षा देऊन लायसन घेतात. वादळात फोन बंद पडले की संपर्क चालू ठेवायला हीच माणसं पुढे येतात. त्यांच्या कानाशी आपण टाकीची पातळी ओरडत बसणं बरं नव्हे.

या ४३३ च्या पट्ट्यात गाड्यांच्या चाव्या, गेटचे रिमोट, घरच्या घंटा अशी बरीच गर्दी असते. ती गर्दी मला कशी कळली ते सांगतो. एका चतुर्थीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या इमारतीखाली शेजाऱ्यांची गाडी उघडेना. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान आत, बाहेर पावसाची भुरभुर, आणि ते रिमोट दाबून दाबून थकलेले. चावीतला सेल बदलला तरी तेच. मग तिसऱ्या मजल्यावरचे एक जण म्हणाले की त्यांचीही गाडी सकाळपासून अगदी दाराला चावी टेकवली तरच उघडते. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. वर येऊन यूएसबीची रेडिओ काडी लॅपटॉपला लावली. ही काडी स्वस्तात मिळते आणि हवेतल्या लहरी पडद्यावर रंगांत दाखवते. ४३३.९२ वर एक जाड पिवळी रेघ वरपासून खालपर्यंत सलग पडत होती. तुटक नव्हे, सलग. माझ्याच टेबलावरच्या एका साध्या ट्रान्समीटरची डेटाची वायर सुटून लोंबत होती आणि तो सकाळपासून सारखा लहरी सोडत बसला होता. पल्ला वाढावा म्हणून मी त्याला पाचऐवजी बारा व्होल्ट दिले होते. पिन काढली, रेघ गेली, आणि खिडकीतून खाली गाडीचा टुंक आवाज ऐकू आला.

त्या दिवशी शेजाऱ्यांना खाली जाऊन खरं ते सांगितलं. तेव्हापासून माझ्या कुठल्याही डब्यात ट्रान्समीटरची वीज स्वतंत्र स्विचमागे असते. प्रोसेसर अडकला तर तो ट्रान्समीटर ठरावीक सेकंदांत आपोआप मरतो. तुमच्या डब्यात हे नसेल तर घाला, पट्टा कुठलाही असो.

लायसन-माफीच्या नियमांत याबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे. माफीचा पट्टा कुणाच्या मालकीचा नाही, सगळ्यांचा सामाईक. तुम्हाला कुणाचा त्रास झाला तर तक्रारीचा हक्क नाही. पण तुमच्यामुळे लायसन असलेल्या कुणाला त्रास झाला, तर जागा बदलणं, ताकद कमी करणं, वेगळी अँटेना लावणं हे तुमचं काम. तेवढ्याने भागलं नाही तर यंत्र बंद करायचं. गावच्या पाटाच्या पाण्यासारखंच आहे हे. पाळी पाळली तर सगळ्यांना पुरतं.

याच नियमांत दुसरं कलम आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. या पट्ट्यात वापरायचं उपकरण मान्यताप्राप्त प्रकारचं असलं पाहिजे. ही मान्यता म्हणजे ईटीए (इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल). वापरणाऱ्याला लायसन माफ झालं म्हणून उपकरणाची मान्यता माफ झालेली नाही. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो, कारण विकणारा सांगतो ‘लायसन फ्री आहे हो’, आणि घेणारा तेवढ्यावर खूश होतो.

एफसीसी ही अमेरिकेची संस्था. तिच्या नियमावलीच्या पंधराव्या भागात नुसत्या मॉड्यूललाही वेगळी मान्यता मिळते, आणि ते ज्या यंत्रात बसवाल त्याच्यावर ‘आत अमुक नंबरचं मॉड्यूल आहे’ असं लिहिलं की बरंच काम सोपं होतं. सीई युरोपचं. दोन्ही आपापल्या जागी पक्क्या, पण त्या त्यांच्या पट्ट्यांपुरत्या. अमेरिकेचा मोकळा पट्टा ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्‌झ, आणि आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. म्हणजे अमेरिकी सेटिंगचं लोरा मॉड्यूल तुम्ही सत्तरीत चालू केलंत, तर टॉवर ज्या पट्ट्यात गावातल्या फोनांचं ऐकायला कान लावून बसलेला असतो, त्याच पट्ट्यात तुमचा डबा बोलेल. आधीच डोंगराआड रेंज कशीबशी येते, आणि रात्री-अपरात्री कुणाला अँब्युलन्स बोलवायची असते. त्यामुळे ९१५ चं मॉड्यूल स्वस्त मिळालं म्हणून घेऊ नका. हे मी हात जोडून सांगतो.

मी घेतलं होतं. चाळीस नग, ९१५ चे, परदेशातून. पार्सल कस्टम्समध्ये अडकलं आणि ईटीएची प्रत मागितली गेली. माझ्याकडे होता तो विकणाऱ्याने पाठवलेला एफसीसीचा कागद. कुरिअरवाल्यांचं गोदामभाडं रोज चढत गेलं, दोन आठवडे फोनाफोनी झाली आणि शेवटी मी पार्सलवर पाणी सोडलं. ज्यांची आगाऊ रक्कम घेतली होती त्यांना ती परत केली. आज वाटतं, ते अडकलं तेच बरं झालं. सुटलं असतं तर चाळीस कुळागरांतून चाळीस डबे मोबाइलच्या पट्ट्यात बोलत राहिले असते.

तर तुम्ही काय घ्यावं? ८६५ ते ८६८ मध्ये चालणारं लोरा मॉड्यूल. लोरावॅनच्या (लोरावर चालणाऱ्या नेटवर्कच्या नियमावलीच्या) भारतीय आराखड्यात ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्‌झ असे तीन चॅनेल ठरलेले आहेत. साधं डबा-ते-डबा बोलणं असलं तरी मी तेच वापरतो. १२५ किलोहर्ट्‌झ रुंदी २०० च्या आत बसते. २५० चं सेटिंग बसत नाही, ते निवडू नका. बाजारात ‘८६८’ म्हणून मिळणारी मॉड्यूल बहुतेक खाली ८६५ पर्यंत लावता येतात, पण नमुना प्रोग्रॅममध्ये ८६८ च्या वरचा युरोपी आकडा भरलेला असतो, तो आधी बदला. अँटेनाही ८६५ चीच घ्या. ४३३ ची दांडी तिथे लावली तर ताकद परत मॉड्यूलमध्येच फिरते.

मागताना विकणाऱ्याकडे ईटीएची प्रत मागा. प्रत हातात आली की तिच्यावरचं मॉडेलचं नाव आणि मॉड्यूलच्या पत्र्यावरचं नाव अक्षर-अक्षर जुळवा. शेवटचं एखादं अक्षर वेगळं म्हणजे वेगळं मॉडेल, कधी वेगळा पट्टासुद्धा. प्रतीवर पट्टा आणि ताकदही लिहिलेली असते, ती वाचा. ‘साहेब, सगळे हेच घेतात’ असं उत्तर आलं तर दुसरा विक्रेता शोधा. असे कागद ठेवणारे भारतीय विक्रेते आहेत. त्यांचं मॉड्यूल थोडं महाग पडतं, पण माझ्या चाळीस नगांपेक्षा स्वस्तच.

स्वतः मान्यता काढायची वेळ आली तर अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर होतो. २०१९ पासून मोबाइल, स्मार्ट वॉचसारख्या काही प्रकारच्या उपकरणांना स्वघोषणेवर ईटीए मिळते, बाकीच्यांना नेहमीच्या वाटेने. दोन्हीकडे मुख्य कागद एकच, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा रेडिओ चाचणीचा अहवाल. त्यात तुमचं यंत्र नेमकं कुठल्या पट्ट्यात, किती ताकदीने, किती रुंदीत बोलतं ते मोजलेलं असतं. घरगुती चार डब्यांसाठी हा खर्च करायला मी सांगणार नाही. आधीच मान्यता असलेलं मॉड्यूल जसंच्या तसं वापरा. पत्र्याचं झाकण उघडायचं नाही, मागे ताकद वाढवणारा अँप्लिफायर जोडायचा नाही. असं काही केलंत की ज्याची चाचणी झाली ते मॉड्यूल राहिलंच नाही.

विकायला लागलात की आणखी दोन दारं येतात. एक, डब्यासोबतचा चार्जर किंवा अडॅप्टर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) सक्तीच्या नोंदणीत येतो, म्हणून नोंदणी क्रमांक छापलेलाच घ्या. चिनी पांढरी ठोकळी देऊ नका, कुळागराच्या ओलाव्यात ती तशीही टिकत नाही. दोन, दूरसंचार उपकरणांची टीईसीकडची (दूरसंचार विभागाच्या अभियांत्रिकी केंद्राकडची) सक्तीची चाचणी, जी २०१७ च्या नियमांनी आली. तिच्या यादीत टप्प्याटप्प्याने भर पडत आली आहे, म्हणून डब्यात सिमकार्ड किंवा गेटवे (डब्यांचे संदेश इंटरनेटवर नेणारं यंत्र) घालणार असाल तर टीईसीच्या पोर्टलवर ती यादी आधी बघा.

पल्ल्याची काळजी करू नका. माझा एक डबा सावईवेऱ्याकडे टाकीपासून पंपघरापर्यंत साधारण साडेतीनशे मीटर बोलतो. मध्ये माडी (पोफळी), फणस, मिरीचे वेल, आणि जांभ्याचा एक उंच बांध. २.४ गिगाहर्ट्‌झ तिथे जूनमध्येच संपलं, ओली पानं ते पिऊन टाकतात. ८६५ चौदा डीबीएमवर, म्हणजे २५ मिलिवॅटवर, आषाढातही पोचतं. अँटेना टाकीच्या पत्र्यापासून हातभर दूर आणि उभी ठेवली तेवढीच काय ती युक्ती. संदेश छोटा ठेवला आणि स्प्रेडिंग फॅक्टर (लोराचं वेग-पल्ल्याचं सेटिंग) सात ठेवला, तर एका वेळी पन्नास-साठ मिलिसेकंदच हवेत जातं. बारावर नेलं की तोच संदेश सेकंदाच्या वर जातो. पाणी दहा मिनिटांत कितीसं उतरतं? दहा मिनिटांतून एकदा बोललं तरी पंप वेळेवर बंद होतो, आणि उरलेला सगळा वेळ हवा दुसऱ्यांसाठी मोकळी राहते.

तुमचे आत्ताचे दोन डबे ४३३ चे आहेत, ते नवीन मॉड्यूल येईपर्यंत बंद ठेवा. तोवर टाकीपासून दोन तारांची केबल किंवा जुना तरंगता गोळा चालेल. नवीन मॉड्यूल घेण्याआधी विक्रेत्याने दिलेल्या ईटीएच्या प्रतीवरचं मॉडेलचं नाव आणि पट्टा इथे खाली लिहा. रात्री दुकान बंद केल्यावर मी बघून सांगतो.