आधी पडताळणाऱ्याचं बघा, ब्लॉकचेन नंतर

सदस्यांच्या डिजिटल ओळखीचा आणि प्रमाणपत्रांचा तुमचा आराखडा वाचला. प्रत्येकाच्या फोनमध्ये एड२५५१९ या डिजिटल सहीच्या पद्धतीची किल्ल्यांची जोडी तयार होणार (खासगी किल्लीने सही करायची, सार्वजनिक किल्लीने ती तपासायची), सार्वजनिक किल्ली हीच त्या माणसाची ओळख, आणि सगळी प्रमाणपत्रं त्या किल्लीच्या नावावर. तुमचा प्रश्न होता ब्लॉकचेन कोणती घ्यावी. पण "एकदा किल्ली दिली की पडताळणाऱ्या (म्हणजे प्रमाणपत्र खरं की खोटं ते तपासणाऱ्या) संस्थेला आमची गरज उरणार नाही" हे तुमचं वाक्य वाचून मी तिथेच थांबलो. आमचं सगळ्यात मोठं नुकसान नेमकं तिथे झालं.

सह्या कशा होतात, खासगी किल्ली फोनबाहेर का जाऊ द्यायची नाही, हे सोडून देतो. (जाता जाता एक: आयफोनच्या सिक्युअर एनक्लेव्हमध्ये, म्हणजे किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षित भागात, एड२५५१९ची किल्ली बनत नाही, पी-२५६ या दुसऱ्या पद्धतीची बनते. सहीची पद्धत ठरवण्याआधी हे तपासा.)

आम्ही प्रशिक्षित कामगारांच्या एका संघटनेसाठी प्रमाणपत्रांची व्यवस्था उभी केली होती. ओळखक्रमांक कायमचा, त्यामागची किल्ली बदलती, आणि प्रत्येक बदल सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदवहीत. पडताळणी करणाऱ्या एका कार्यालयाने, नाव घेत नाही, पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या सार्वजनिक किल्ल्या स्वतःच्या डेटाबेसात उतरवून घेतल्या आणि नोंदवहीकडे परत ढुंकूनही पाहिलं नाही. सदस्याने फोन बदलला, किल्ली बदलली, की खरा माणूस तिथे खोटा ठरायचा. विचारलं तर उत्तर एकच: बदलाचा अर्ज जुन्या किल्लीने सही करून पाठवा. ज्याचा फोनच हरवलाय तो जुनी किल्ली आणणार कुठून? लोकांची हातातली कामं गेली.

याची दुसरी बाजू त्याहून वाईट होती. एका सदस्याचा फोन चोरीला गेला, त्याने त्याच दिवशी किल्ली रद्द केली, आणि इतर सगळ्या ठिकाणी ती बाद झाली. या कार्यालयात मात्र ती चालतच राहिली, कारण "आमच्या नोंदीत आहे तीच किल्ली ग्राह्य". म्हणजे मालकाला दार बंद आणि चोराला उघडं. पत्रं पाठवली, बैठका झाल्या, प्रत्येक वेळी नवा अधिकारी आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावणं. आजही आठवलं की संताप येतो. विकेंद्रित म्हणून उभारलेली अख्खी व्यवस्था एका कार्यालयाच्या डेटाबेसातल्या एका रकान्यात येऊन अडकली होती, आणि त्याची किंमत ज्यांना किल्ली म्हणजे काय हेही माहीत नव्हतं अशा लोकांनी मोजली.

तुमच्या आराखड्यात तर ओळख आणि किल्ली एकच आहेत, म्हणजे हा प्रकार अपघाताने नव्हे, रचनेनेच होणार. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने जुलै २०२२मध्ये डीआयडीचं, म्हणजे विकेंद्रित ओळखक्रमांकांचं, मानक मंजूर केलं. त्यात ओळख आणि तिच्यामागचा दस्तऐवज (ज्यात किल्ल्या लिहिलेल्या असतात) वेगळे ठेवल्याने हेच टळतं. त्यावर बेतलेली 'डीआयडी-की' पद्धत तुमच्यासारखीच आहे, किल्ली हीच ओळख. तिच्यात किल्ली बदलताच येत नाही, म्हणून ती तात्पुरत्या कामांपुरतीच वापरावी असं माझं ठाम मत आहे.

आता मी काय करीन ते. पडताळणाऱ्याला सुटी किल्ली कधीच देऊ नका. ओळखक्रमांक द्या आणि पडताळणीचं तयार लायब्ररी-कोड द्या, ज्यातून फक्त 'वैध', 'अवैध' आणि कारण एवढंच बाहेर येईल. जोडणीआधी प्रत्येक संस्थेकडून चाचणी करून घ्या: किल्ली बदललेला एक नमुना-सदस्य, किल्ली रद्द केलेला दुसरा. पहिला स्वीकारला आणि दुसरा नाकारला तरच खरी जोडणी. शिवाय गरज नसतानाही किल्ल्या मुद्दाम, वरचेवर बदला. संकेतस्थळांना मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एनक्रिप्टने त्यांची मुदत सुरुवातीपासून ९० दिवसांची ठेवली, त्यामुळे नूतनीकरण आपोआप होण्याची सवय सगळ्यांना लावून घ्यावी लागली. जो किल्ली उतरवून ठेवेल त्याचं काम पहिल्या महिन्यातच अडलं पाहिजे, तीन वर्षांनी एखाद्याच्या चोरीच्या दिवशी नाही.

किल्ली बदलण्याचा अधिकार रोजच्या सहीच्या किल्लीकडे ठेवू नका. केरी या विकेंद्रित ओळखीच्या पद्धतीमधली पूर्वनियोजित बदलाची कल्पना मला सगळ्यात पटते: आजची किल्ली जाहीर करतानाच पुढच्या किल्लीचा हॅश (तिच्यावरून काढलेला ठसा, ज्यावरून उलट किल्ली काढता येत नाही) जाहीर करायचा. चोराला आजची किल्ली मिळाली तरी ओळख पळवता येत नाही. अट इतकीच की पुढची किल्ली त्याच फोनमध्ये नसावी, नाहीतर सगळं व्यर्थ. ब्लूस्काय या समाजमाध्यमाच्या पीएलसी या ओळख-पद्धतीत वरच्या दर्जाच्या किल्लीला ७२ तासांच्या आत खालच्या किल्लीने केलेला बदल उलटवता येतो. अशी सवलत तुमच्याकडेही हवी.

गुप्त गोष्टीचे तुकडे करण्याच्या, शमीर या क्रिप्टोग्राफरच्या १९७९च्या पद्धतीने किल्लीचे पाच तुकडे करून कुठलेही तीन पुरेसे ठेवायचे, असंही तुम्ही लिहिलंय. गणित निर्दोष आहे, पण तुकडे जोडताना पूर्ण किल्ली एका यंत्रावर येते, आणि मुळात तुम्ही जुनीच किल्ली परत आणताय. त्यापेक्षा पाचपैकी तीन विश्वासू लोकांनी आपापल्या सहीने *नवीन* किल्लीला मान्यता द्यावी. सामान्य माणसाकडून किल्ली परत मिळवण्याचे २४ शब्द कागदावर जपून ठेवण्याची अपेक्षा मात्र धरू नका. ते शब्द हरवतात, किंवा त्यांचे फोटो काढले जातात.

ब्लॉकचेनचं म्हणाल तर तुम्हाला दोनच गोष्टी हव्यात: बदलांचा क्रम, आणि सगळ्यांना एकच इतिहास दिसणं. त्यासाठी फक्त भर घालता येणारी मर्कल नोंदवही (जिच्यात जुनी नोंद बदलली की लगेच उघड होतं) आणि एकमेकांशी हितसंबंध नसलेले काही साक्षीदार बहुतेक वेळा पुरतात. २०११मध्ये डिजिनोटार या संकेतस्थळांना प्रमाणपत्रं देणाऱ्या डच कंपनीमधून खोटी प्रमाणपत्रं निघाली, आणि २०१३मध्ये आलेलं सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी, म्हणजे अशा प्रमाणपत्रांची सगळ्यांना दिसणारी नोंदवही, याच तत्त्वावर उभं आहे. पण नोंदवहीत कोणालाही काहीही जोडू देऊ नका. २०१९मध्ये पीजीपी या ईमेल कूटबद्ध करण्याच्या व्यवस्थेच्या किल्ली-सर्व्हरांवर काही जणांच्या किल्ल्यांना इतक्या कचरा सह्या चिकटवल्या गेल्या की त्या वापरणाऱ्यांचं सॉफ्टवेअरच कोलमडायचं, आणि त्या काढायची सोयच नव्हती. वैयक्तिक माहितीचा हॅशसुद्धा तिथे ठेवू नका. शंभर वर्षांत जन्मतारखा साडेछत्तीस हजारच्या आसपास होतात. सगळ्यांचे हॅश काढून जुळवून बघायला क्षणही लागत नाही.

एड२५५१९ला पुरतो म्हणून किल्लीचा रकाना ३२ बाइटचा पक्का करू नका हेही जोडतो. २०२४मध्ये अमेरिकेच्या मानक-संस्थेने, निस्टने, एमएल-डीएसए ही क्वांटम संगणकांनाही टिकावी अशी सहीची पद्धत मंजूर केली. तिच्या लहानात लहान प्रकारातही सार्वजनिक किल्ली १३१२ बाइट आणि सही २४२० बाइट, तर एड२५५१९ची सही ६४ बाइट. प्रत्येक किल्लीसोबत अल्गोरिदमचं नाव आजपासूनच लिहा.

मी क्रिप्टोग्राफीचा संशोधक नाही, अशा व्यवस्था चालवणारा माणूस आहे. अंतिम रचना तज्ज्ञाकडून तपासून घ्याच. पडताळणी नेट नसलेल्या ठिकाणीही होणार आहे का, ते मात्र इथे लिहा. तसं असेल तर सदस्याच्या फोननेच 'ही किल्ली अजून चालू आहे' असा थोड्या मुदतीचा, नोंदवहीच्या सहीचा दाखला सोबत नेला पाहिजे, आणि ती मुदत किती ठेवायची हे तुमचे सदस्य किती दिवस नेटबाहेर राहतात यावरून ठरवावं लागेल.