फोन उचलला नाही म्हणजे गाडी चालू आहे

पुणे, रविवार

प्रिय पोरा,
अनेक आशीर्वाद.

कर्ज काढून का होईना, गाडी दारात आली आणि परवा विमानतळाचं पहिलं भाडंही मारलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. तू विचारलंस, "काका, हँड्सफ्री लावलं तर चालतं ना? हात तर मोकळे असतात." घाईघाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

कर्वे रोडला नळस्टॉपच्या अलीकडे घडलेली एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. धाकटीचा दहावीचा निकाल लागला होता. माझ्या कानात ब्लूटूथ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. ती एकेका विषयाचे मार्क सांगत होती आणि मी मनात बेरीज करत होतो. समोरून एक आजी भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. डोळ्यांसमोर होत्या, पण मला दिसल्या नाहीत. ब्रेक लागला तेव्हा मध्ये वीतभर अंतर उरलं होतं. तोल सावरायला त्यांनी बॉनेटवर हात टेकला, पिशवीतली कोथिंबिरीची जुडी खाली पडली. मी उतरून ती उचलून दिली, हात जोडून माफी मागितली. त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या थरथरत होत्या. बॉनेटवरच्या धुळीत त्यांच्या पाच बोटांचा ठसा उमटला होता. संध्याकाळी गाडी धुताना तेवढी जागा पुसायला माझा हात धजेना. सिग्नल लाल होता की हिरवा, ते मला आजही सांगता येत नाही.

त्या दिवसापासून मी गाडीत कानाला काही लावलं नाही. हे माझ्या एकट्याच्या भीतीतून आलेलं नाही. कॅनडात टोरांटोच्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासून १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फोनवर बोलताना अपघाताचा धोका साधारण चौपट होतो, आणि हँड्सफ्रीमुळे तो कमी झाल्याचं काही दिसत नाही, असं त्यात निघालं.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोललेलं कसं चालतं, असं तू म्हणशील. शेजारच्याला रस्ता दिसत असतो. पुढे ट्रकनं कट मारला की तो आपोआप गप्प होतो, कधी "अरे, सांभाळ" म्हणतो. फोनवरच्या माणसाला यातलं काही कळत नाही. तो बोलतच राहतो आणि आपण हो ला हो करत राहतो.

रेडिओचं तसं नाही. तो आपल्याकडे उत्तर मागत नाही. सकाळी पुणे केंद्राच्या बातम्या लाव, जुनी गाणी लाव, मी आयुष्यभर ऐकत आलो. आवाज मात्र इतकाच, की मागून अँब्युलन्स आली तर सायरन कानावर पडला पाहिजे. स्टेशन बदलायचं ते सिग्नलला. आणि रेडिओनं झोप उडते यावर विश्वास ठेवू नकोस. डोळे जड झाले की गाडी पेट्रोल पंपावर घ्यायची आणि वीस मिनिटं पडायचं.

तुझी खरी अडचण ॲपची आहे, हे मला कळतं. एक सीट उतरायच्या आत दुसऱ्या ट्रिपची घंटी वाजते, बटण दाबायला मोजके सेकंद मिळतात, आणि हप्ता डोक्यावर असतो. पण हिशोब करून बघ. ताशी साठच्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. दोन सेकंद खाली बघितलंस तर ३३ मीटर, म्हणजे एकामागे एक लावलेल्या जवळपास तीन बस, न बघता ओलांडल्यास. कात्रजच्या नवीन बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना तर हे अजिबात करू नकोस. त्या उतारावर मागच्या ट्रकचे ब्रेक लागतीलच असं धरून चालता येत नाही. तिथे रस्ता आणि आरसा सोडून दुसरीकडे बघायला फुरसत नसते. ट्रिप सुटली तर सुटू दे. पण घंटी ऐकून गाडी हायवेच्या कडेलाही उभी करू नकोस, सर्व्हिस रोडला उतर.

कायद्याचंही सांगून ठेवतो. हातात फोन धरून चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात धरतात. पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायला १ ऑक्टोबर २०२० पासून मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. पत्ता गाडी सुरू करण्याआधी टाकायचा, पुढचं आवाजावर सोडायचं. होल्डर काचेच्या मधोमध लावलायस, तो रस्त्याचा तुकडा झाकतो. खाली घे.

काल तुझ्या आईकडे गेलो होतो. तू फोन उचलला नाहीस की ती लागोपाठ पाच-सहा वेळा लावते, जीव टांगणीला लागतो तिचा. मी तिला म्हटलं, "वहिनी, पोरानं फोन उचलला नाही म्हणजे तो नीट गाडी चालवतोय असं समजायचं." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण थांबल्यावर लगेच फोन करायला सांगा त्याला."

तेवढं कर.

तुझा,
काका