मुलींनी सायबर सुरक्षेत यावं का? यावं, आणि रात्रपाळी मागून घ्यावी

तुम्ही विचारलंय की भाची बी.एस्सी. करतेय, तिला सायबर सुरक्षेत यायचंय, पण घरचे म्हणतात तिथे रात्रपाळ्या असतात, यायचंच असेल तर तिने ट्रेनिंग किंवा ऑडिटची बाजू धरावी. आणि पुढे असंही विचारलंय की बाहेरच्या देशांतून सोडल्या जाणाऱ्या खोट्या बातम्यांपुढे या क्षेत्रातल्या माणसांचं खरंच काही चालतं का.

यावं का, तर यावं. कुठला कोर्स, किती लिनक्स, किती नेटवर्किंग, हे इथे अनेकांनी नीट लिहिलंय. मी लिहायला बसले ते तुमच्या घरच्यांच्या त्या सल्ल्यामुळे. हाच सल्ला मला माझ्या आधीच्या कंपनीत साहेबांनी दिला होता आणि त्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

मी मूळची सांगलीची. एमसीए करून पुण्यात आले आणि एका कंपनीच्या एसओसीत लागले. बँका, हॉस्पिटलं, कारखाने यांच्या सिस्टिमवर चोवीस तास नजर ठेवतात ती जागा. तिथे रोस्टर, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, लागलं की आम्हा मुलींची नावं फक्त जनरल शिफ्टला. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. रात्री दोन वाजता मुलीला कॅबने घरी पाठवायची जोखीम त्यांना नको होती आणि हे ते अगदी काळजीने बोलायचे. मग दिवसा मुलींनी काय करायचं? अवेअरनेसच्या स्लाइड, फिशिंगची, म्हणजे फसव्या मेलची, प्रश्नमंजूषा, ऑडिटच्या एक्सेल शीट. 'तुम्ही समजावून छान सांगता' असं कौतुकही व्हायचं.

आता बघा, हल्ले ऑफिसच्या वेळा बघून होत नाहीत. आपल्या पुण्यातल्या कॉसमॉस बँकेचं घ्या. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. दुपारपासून रात्रीपर्यंत २८ देशांतल्या एटीएममधून क्लोन केलेल्या कार्डांवर पैसे निघत होते, काही तर कोल्हापुरातसुद्धा. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या संदेशयंत्रणेतून, आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. सगळे मिळून ९४ कोटींच्या वर. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने पुढे त्याचा धागा उत्तर कोरियापर्यंत नेला. त्याआधी फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८.१ कोटी डॉलर गेले ते गुरुवारी रात्री, कारण तिकडे शुक्रवार-शनिवारी सुट्टी. सुट्टी आणि रात्र बघूनच ही माणसं येतात.

मग जी मुलगी वर्षानुवर्षं दिवसाच बसते, तिने खरा इन्सिडंट, म्हणजे प्रत्यक्ष हल्ला, बघायचा कधी? अप्रेझलला त्याच साहेबांनी मला ऐकवलं की एल-टूला, म्हणजे वरच्या पायरीवर, घ्यायचं तर तुमच्याकडे इन्सिडंट हाताळल्याचा अनुभव नाही. माझ्यानंतर लागलेला मुलगा, ज्याला क्वेरी लिहायला मी शिकवलं, तो वर गेला. मी भांडले, एचआरपर्यंत गेले. तिथेही उत्तर तेच, तुमच्या भल्यासाठीच केलंय. शेवटी नोकरी सोडली. आजही माझं म्हणणं ठाम आहे: मुलींना रात्रीतून वगळणं म्हणजे त्यांचा अनुभव काढून घेणं, आणि ते मायेने केलं म्हणून कमी नुकसानीचं होत नाही. जगभरात या क्षेत्रात बायका २० ते २५ टक्के आहेत असा आयएससी-टू या व्यावसायिक संस्थेचा अंदाज आहे. मुलींना यात रसच नसतो असं कुणी म्हटलं की मी त्यांना आधी रोस्टर दाखवा म्हणते.

घरच्यांची भीती खोटी आहे असं मात्र मी कधी म्हणणार नाही. २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या तरुणीवर कॅबच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला. ती बातमी वाचलेल्या आया अजून मुलींना फोन करून 'पोचलीस का' विचारतात, माझीही विचारते. पण त्यावर इलाज गाड्या आणि ड्रायव्हर नीट तपासणं हा आहे. कायदाही तेच सांगतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेची, घरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मालकाची. संमती तिची आहे, म्हणजे निर्णयही तिचा. साहेबांचा नाही, मामा-काकांचाही नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, आणि त्याचं उत्तर मला मे २०२५ मधल्या एका रात्रीवरूनच देता येईल. तोवर मी दुसऱ्या कंपनीत शिफ्ट लीड झाले होते. ऑपरेशन सिंदूर सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले होते. मध्यरात्रीच्या आसपास एका कारखान्याच्या आयटीवाल्यांचा फोन आला, 'मॅडम, सगळे सर्व्हर खाली घेऊ का?' काय झालं विचारलं तर म्हणाले, मेसेज आलाय, पाकिस्तानच्या सायबर हल्ल्याने देशातली ७० टक्के वीजयंत्रणा बंद पडलीये. त्यांच्याकडे एकही अलर्ट नव्हता. लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, स्वच्छ होते. माणूस घाबरून स्वतःच्या हाताने कारखाना बंद करायला निघाला होता. हल्ला करणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

त्यांना थोपवून फोन ठेवते तोच फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज. पाठवणारा माझा सख्खा मामा. मामा वीज मंडळातून निवृत्त झालेला, उभं आयुष्य सबस्टेशनांवर काढलेला. मी तशीच उठून बाहेर गेले आणि त्याला फोन लावला. म्हटलं, 'मामा, डोक्यावर पंखा फिरतोय का तुझ्या?' म्हणाला, फिरतोय. 'मग ७० टक्के ग्रिड गेल्यावर तो फिरेल का? तूच सांग.' थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला. म्हणाला, अगं, एवढा भाग अचानक सुटला तर पन्नास हर्ट्झची फ्रिक्वेन्सी टिकणारच नाही, उरलेलंही पडेल. ३१ जुलै २०१२ ला तीन विभागांच्या ग्रिड कोसळल्या, ६० कोटींच्या वर लोक अंधारात गेले, आपला पश्चिम विभाग वाचला होता, तेव्हा किती धावपळ झाली मला विचार. त्याने कळव्याच्या भारप्रेषण केंद्रातल्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून खात्री केली आणि ग्रुपवर स्वतःच्या आवाजात सगळं सांगितलं. तो व्हॉइस मेसेज पेन्शनरांच्या ग्रुपवर गेला, तिथून सोसायट्यांच्या, तिथून कुणाकुणाच्या गावी. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही तो दावा खोटा असल्याचं जाहीर केलं. पण आमच्या नात्यागोत्यात लोकांनी ऐकलं ते मामाचं, कारण मामा वीज मंडळातला.

त्याच रात्री दुसरी गोष्ट झाली. आमच्या टीममध्ये लातूरकडची एक मुलगी आहे, बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स, इंजिनिअरिंगची डिग्री नाही. एका हॉस्पिटलच्या मेलवर आलेला अलर्ट तिने उघडला. पहलगाम हल्ल्यानंतर सरकारने काय कार्यवाही केली अशा विषयाची पीडीएफ, पाठवणाऱ्याचा पत्ता वर वर सरकारी. तिने पत्ता उजवीकडून वाचला. डोमेन तसंच वाचायचं असतं, शेवटी कोणाचं नाव आहे ते बघायचं, सुरुवातीला कुणीही काहीही लिहू शकतो. शेवटी सरकारचं नाव नव्हतं. याच धाटणीचं आमिष पुण्याच्या क्विक हीलच्या सेक्राइट लॅब्सने थोड्याच दिवसांपूर्वी उघड केलं होतं: पहलगामच्या नावाची कागदपत्रं, जम्मू-काश्मीर पोलिसांच्या नावाशी मिळतीजुळती बनावट डोमेनं, आणि मागे एपीटी-३६ हा पाकिस्तानशी जोडला जाणारा गट. आमच्याकडे आलेला मेल कुणाचा होता हे आम्ही सिद्ध केलं नाही, आणि जे सिद्ध केलं नाही ते मी सांगणार नाही.

मेल कुणी उघडला होता का हे कळायला हवं होतं. हॉस्पिटलच्या आयटी सरांनी ठामपणे सांगितलं, कुणी नाही. या मुलीने सरळ रात्रीच्या रिसेप्शनला फोन लावला. तिथल्या ताई आधी नाही म्हणाल्या, मग हळूच म्हणाल्या, 'मॅडम, मी क्लिक केलं होतं, सरांना सांगू नका, ओरडतील.' ते मशीन तिने लगेच नेटवर्कमधून तोडायला लावलं. रिसेप्शनच्या ताईंनी हे सरांना सांगितलं नव्हतं. दुसऱ्या बाईला सांगितलं.

म्हणून तुमचे दोन्ही प्रश्न मला एकच वाटतात. अफवा आणि फिशिंग एकाच हत्याराने काम करतात, घाईने आणि भीतीने. अफवा लोकांना घाबरवून ठेवते आणि मग त्याच विषयाचा मेल येतो, तो उघडला जातो. त्यापुढे सरकारी खंडन हवंच, पण ते पोहोचेपर्यंत मेसेज गावभर झालेला असतो. टिकाव धरतो तो घराघरात, गल्लीत, ऑफिसात एखादं ओळखीचं माणूस असेल ज्याला काम कळतं आणि ज्याला विचारायला संकोच वाटत नाही, तिथेच. आपल्याकडे निम्म्या लोकसंख्येला असं विचारायला कुणी बाई नाही. फोटोवरून धमकावणं असो, डिजिटल अरेस्टचा फोन असो, बायका आधी लपवतात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायलासुद्धा कुणीतरी 'चल, मी बसते शेजारी' म्हणणारं लागतं.

खोट्या बातम्यांतही बाई वारंवार मधे असते. त्याच मे महिन्यात आपली महिला वैमानिक पाकिस्तानात पकडली गेल्याचं पसरवलं गेलं, पीआयबीने ते खोटं ठरवलं. ऑपरेशन सिंदूरची माहिती पत्रकारांना देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांच्या सासरच्या घरावर, गोकाक तालुक्यातल्या कोन्नूरला, हल्ला झाल्याची पोस्ट फिरली. बेळगावच्या पोलिसांनी ती खोटी असल्याचं आणि ती टाकणारं खातं परदेशातलं दिसत असल्याचं सांगितलं. बेळगावसारख्या जिल्ह्यात अशी ठिणगी कुठवर गेली असती याची कल्पना तिकडचा कुठलाही मराठी माणूस करू शकेल.

काही गोष्टी मात्र सांगायला हव्यात. सगळं काही परकीयच असतं असं समजू नका. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, पुढे राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता सांगितली आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. तेव्हा मीही सहकाऱ्यांना कुठल्याच बाजूने ठाम बोलू देत नसे. धुळ्याच्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला पोरं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. त्या काळात देशभर फिरणारा पोरं पळवण्याचा व्हिडिओ कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्ममधून कापलेला होता, पण तो कापणारे, पुढे पाठवणारे आणि मारणारे आपलेच. आणि डिसेंबर २०२० मध्ये ईयू डिसइन्फोलॅबने भारताच्या बाजूने चालवलेल्या ७५० हून अधिक बनावट माध्यमांचं जाळं उघड केलं होतं, तेही विसरू नये. या कामात यायचं तर खोटं आपल्या सोयीचं असलं तरी खोटंच म्हणता आलं पाहिजे.

आकड्यांनीही घाबरू नका. मे २०२५ च्या संघर्षात १५ लाख सायबर हल्ले झाले आणि त्यातले १५० यशस्वी झाले असं महाराष्ट्र सायबर या राज्याच्या यंत्रणेने सांगितलं होतं. एवढ्या मोठ्या आकड्यात दार ढकलून बघणाऱ्यांची गर्दीच जास्त असते. भाचीने त्या १५० सारख्यांवर काम करायला शिकावं.

रात्रपाळी सगळ्यांना झेपते असंही नाही. झोप बिघडते, पित्त होतं, लहान मूल असेल तर हाल होतात. कायम कुणीच करू नये. पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं आळीपाळीने केलीच पाहिजे. ऑडिट आणि ट्रेनिंगही कमी दर्जाचं काम नाही, मात्र इन्सिडंट पाहिलेल्या माणसाने केलेलं ऑडिट लगेच ओळखू येतं. डिग्री झाल्यावर सी-डॅक या सरकारी संस्थेचा डिटिस हा सिस्टिम आणि सुरक्षेचा अभ्यासक्रम आहे, त्याच्या पात्रतेच्या अटी आधी बघून घ्या. बी.एस्सी. म्हणून तिने कमीपणा घेऊ नये, आमची लातूरची मुलगी आज एल-टूला आहे.

मुलाखतीला गेल्यावर पगाराच्या आधी तिने तीन गोष्टी विचाराव्यात. रात्रीच्या रोस्टरवर मुली आहेत का? रात्री एखादं मशीन तोडायचं असेल तर तो निर्णय शिफ्टवर बसलेली व्यक्ती घेऊ शकते का, की साहेबांना उठवावं लागतं? आणि कॅबमध्ये गार्ड असतो का, ते लेखी मिळेल का? पहिल्याच प्रश्नाला 'मुलींना आम्ही रात्री ठेवत नाही, त्यांच्या सोयीसाठी' असं उत्तर आलं, तर ऑफर कितीही चांगली असली तरी तिथे जाऊ नये.