बोललेलं वचन आणि सासूबाईंचा मोतीबिंदू

"संजीवन सभेत, म्हणजे चर्चच्या जागृतीसाठी भरवलेल्या प्रार्थनासभेत, भावनेच्या भरात उभी राहिले आणि चर्चच्या बांधकामासाठी 50,000 रुपये बोलले. पगार हातात 22,000 येतो. भिशी लागली, तिचे 12,000 लगेच देऊन टाकले. ते खरं तर सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी ठेवले होते. त्या विधवा आहेत, आमच्याजवळच राहतात. यजमानांना यातलं काही माहीत नाही. उरलेले 38,000 नाताळच्या आत द्यायचे आहेत. देवाला ठकवणारा शापित होतो, असं सभेत सांगितलं, तेव्हापासून झोप नाही."
एक बहीण, उत्तर नागपूर

प्रिय भगिनी,

आधी शापाचं बघू, कारण झोप त्यानं उडवली आहे. बायबलमधल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातलं ते वचन दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, आणि अर्पणांबद्दल आहे. तेव्हाचा दशमांश म्हणजे मुख्यतः धान्य, द्राक्षारस आणि तेल. ते मंदिराच्या भांडारात जायचं आणि त्यावर लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, जगायचे. ते येईनासं झालं तेव्हा लेवी सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेले, असं नहेम्या 13:10 सांगतं. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश तर गावातच ठेवून लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खाऊ घालायचा होता (अनुवाद 14:28-29). मलाखीच्या त्याच अध्यायात तीन वचनं वर गेलात, तर मजुराची मजुरी दाबणारे आणि विधवेला गांजणारे यांनाही देवानं धारेवर धरलेलं दिसेल. निधी गोळा करताना ते पाचवं वचन फारसं कुणी वाचत नाही.

आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेलं, असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूनं काय सुनावलं, ते मार्क 7:11-13 मध्ये वाचा. सासूबाईंच्या डोळ्याचे पैसे त्याच जातीचे आहेत.

म्हणून दिलेला शब्द वाऱ्यावर सोडा, असं मात्र नाही. नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, हे उपदेशक 5:5 स्पष्ट म्हणतो. पण मोशेच्या नियमशास्त्रात यावर वाट ठेवलेली आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. लेवीय 27 मध्ये माणसाचा नवस केला तर त्याचं मोल ठरलेलं आहे: 20 ते 60 वर्षांच्या पुरुषासाठी चांदीचे 50 शेकेल (तेव्हाचं वजनी माप), बाईसाठी 30. लगेच आठव्या वचनात म्हटलं आहे की नवस करणाऱ्याला तेवढं झेपत नसेल, तर त्यानं याजकापुढे जावं आणि याजकानं त्याच्या ऐपतीप्रमाणे मोल ठरवावं. म्हणजे नवस मोडायचा नाही, लपवायचाही नाही. पुढे जाऊन खरं सांगायचं आणि आकडा बदलून घ्यायचा.

पण पाळकांकडे आधी जाऊ नका, आधी यजमानांना सांगा. जेवणं झाल्यावर, मुलं झोपल्यावर, आणि पूर्ण आकड्यानिशी: 50,000 बोलले, 12,000 दिले, कुठले दिले. अर्धं सांगितलं तर उरलेलं नाताळात कुणीतरी चर्चच्या अंगणात बोलून जाईल. रागावतील, रागावू द्या. त्या रात्री आकडा ठरवू नका.

दोन-तीन दिवसांनी दोघं मिळून कागद घेऊन बसा. घरभाडं, शाळेची फी, किराणा, औषधं, आणि सगळ्यात वर सासूबाईंचं ऑपरेशन. उरेल त्यावर प्रार्थना करा, एक आकडा लिहा आणि कागद बायबलमध्ये आठवडाभर ठेवा. पुढच्या शनिवारी तो आकडा दोघांनाही मनापासून पटत असेल तर तोच खरा. प्रार्थनापूर्वक देणं म्हणतात ते इतकं साधं असतं. पौलाचं "जसं मनात ठरवलं तसं, दुःखानं किंवा जबरदस्तीनं नव्हे" (2 करिंथ 9:7) हे ढोलकी आणि कीबोर्ड चालू असताना ठरवण्याबद्दल नाही.

मग खजिनदारांच्या नावे चिठ्ठी: "बांधकाम निधीसाठी 50,000 चं वचन दिलं होतं. त्यातले 12,000 दिले आहेत. कुटुंबाशी विचार करून उरलेल्या रकमेऐवजी पुढचे 24 महिने दरमहा 500 देऊ." आकडा तुमचा तुम्ही घाला. कारणं लिहू नका, चिठ्ठी जितकी लांब तितकी समजूत घालणारी माणसं जास्त येतात. ती पाळकांच्या हातात द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. दिलेले 12,000 परत मागू नका, ते गेले.

बांधकामासाठी रविवारचं नेहमीचं दान कापू नका. भल्याभल्या मंडळ्या इथे चुकतात: इमारतीचा निधी फुगतो आणि पाळकांचा पगार, विजेचं बिल, शिपायाचे पैसे थकतात. नेहमीचा लिफाफा पगाराच्या दिवशीच वेगळा काढा. थैली समोर आल्यावर पर्स धुंडाळली की महिन्याच्या पहिल्या रविवारी जास्त पडतं आणि शेवटच्या रविवारी सुट्टे. दशमांश पूर्ण पगारावर की हातात येणाऱ्यावर, हा वाद बायबल सोडवत नाही. एक ठरवा आणि वर्षभर बदलू नका.

यूपीआयनं देत असाल तर मंडळीच्या खात्यातच द्या, कुणा पंचाच्या खासगी नंबरवर नको. पावतीवर "बांधकाम निधी" लिहून घ्या, नाहीतर पैसे सर्वसाधारण खात्यात मिसळतात. पावती मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. पौलानंही वर्गणी न्यायला एकटा माणूस पाठवला नाही, कुणी बोट दाखवू नये म्हणून (2 करिंथ 8:18-21). करात सूट मिळेल या आशेवर राहू नका. ती फक्त 80जी, म्हणजे देणगीवर करसूट देण्याची मान्यता, असलेल्या संस्थेच्या पावतीवर मिळते, 2,000 वरच्या रोख रकमेला मिळत नाही, आणि नव्या करपद्धतीत तर ती नाहीच.

राहिलं सासूबाईंचं. मेडिकल किंवा मेयो या आपल्या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या नेत्र विभागात एकदा चौकशी करून या, तिथे खर्च बराच कमी येतो. तारीख मात्र नाताळच्या बरीच आधीची घ्या. नंतर महिनाभर तरी दिवसातून अनेकदा डोळ्यात थेंब टाकावे लागतात. तेवढे दिवस करंज्या तळायला त्यांना कढईपाशी बसवू नका.