लॉकडाऊनमध्ये हवा स्वच्छ झाली, मग शहराचं तापमानही उतरलं का?

हवेचं उत्तर सोपं, तापमानाचं नाही.

२५ मार्च २०२० पासून वाहनं थांबली आणि मुंबई, पुणे, दिल्लीत नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने घसरला. हा वायू मुख्यतः इंजिनातून येतो आणि हवेत काही तासच टिकतो, त्यामुळे फरक लगेच दिसतो. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, तितका उतरला नाही, कारण चुली, वीजकेंद्रं आणि धूळ चालूच होती. जमिनीलगतचा ओझोन, हाही प्रदूषकच, तर काही ठिकाणी वाढला! एरवी गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. तोच कमी झाला.

आता तापमान. उपग्रह मोजतो ते डांबर, गच्ची, माती यांच्या पृष्ठभागाचं. वेधशाळेत सावलीतल्या पेटीत तापमापक ठेवून मोजतात ते हवेचं नव्हे. गाड्या, एसी, कारखाने थांबले की उष्णता कमी सुटते. पण धुरकट थर विरळ झाल्याने दुपारी ऊन जास्त पोचतं. दोन्ही परिणाम एकमेकांना कापतात. त्यात अवकाळी पाऊस झाला असेल तर ओल्या जमिनीचा गारवा फुकट लॉकडाऊनच्या खात्यात जमा होतो.

स्वतः तपासायचं असेल तर एप्रिल २०२० ची तुलना जानेवारीशी करू नका. उन्हाळ्यात हवा उंचापर्यंत मिसळते, प्रदूषण तसंही कमी दिसतं. मागच्या चार-पाच वर्षांचे एप्रिल घ्या, ढगाळ दिवस गाळा, दिवस-रात्र वेगळी ठेवा आणि शेजारच्या खेड्याचा पट्टाही मोजा. तिथेही तेवढीच घट दिसली, तर श्रेय हवामानाचं.