शब्द देऊन बसलो, आता भीती वाटते

“मॅडम, सगळ्यायले सांगून बसलो, आता मागं कसं फिरू?” मी समुपदेशक, दर हंगामात हा प्रश्न माझ्याकडे येतो. कुणी एमपीएससीचा फॉर्म भरलेला असतो, कुणी गावच्या नाटकात काम घेतलेलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा मात्र विमानातून उडी मारायला निघाला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

गावात अभ्यासिका व्हावी म्हणून त्याने वर्गणी सुरू केली. लोकांचं लक्ष वेधायला जाहीर केलं, मी स्कायडायव्हिंग करणार! पुण्यात नोकरी करणाऱ्या गावच्याच एका दादाने हरियाणात नारनौलला उडीचं बुकिंगही करून दिलं. वर्गणीची वही भरत गेली आणि याची झोप उडाली.

घरच्यांनी समजूत घातली, “काही होत नाही.” मित्रांनी माहिती दिली: मागे प्रशिक्षक बांधलेला असतो, साधारण दहा हजार फुटांवरून उडी, अर्धा-पाऊण मिनिट ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली, मग पॅराशूट, ते बिघडलं तर दुसरं असतंच. हे सगळं त्याला पाठ होतं, तरी पोटात गोळा कायम. माहितीने भीती जात नसेल, तर ती भलत्याच ठिकाणी दडलेली असते, असा माझा अनुभव आहे.

मी विचारलं, “समज, विमानाच्या दारातून मागे फिरलास. डोळ्यांपुढे पहिलं कोण येतं?”

क्षणही न थांबता म्हणाला, “पानठेल्यावरचे पोट्टे.”

म्हणजे भीती दहा हजार फुटांची नव्हतीच, चौकातल्या पानठेल्याची होती! तो स्वतःच हसला. पहिल्यांदा.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझी भिस्त आहे. माणसाला घटनेपेक्षा त्याचा स्वतःचा ‘च’ जास्त छळतो. ‘उडी मारलीच पाहिजे, नाहीतर तोंड दाखवायला जागा नाही.’ मी म्हटलं, “वारा वाढला, ढग आले तर विमान उडतच नाही. मग हा ‘च’ तू कुणाच्या भरवशावर लावलास?” तो गप्प झाला. मग घरचा अभ्यास दिला: वहीतल्या चार जणांकडे जायचं आणि सांगायचं, ‘मला भीती वाटते, ऐनवेळी जमलं नाही तर?’

पुढच्या वेळी आला तो सांगतच. एक्कावन्न रुपये दिलेली शेजारची काकू कापूस वेचून नुकतीच घरी आली होती. कमरेला बांधलेली कापसाची ओटी न सोडता म्हणाली, “म्या काय तुह्या उडीले पैसे देल्ले का रे? पोट्टे शिकले पायजे म्हून देल्ले.”

एवढ्या बैठकांत मी जे पोचवू पाहत होते, ते काकूने उंबरठ्यावर करून टाकलं. अर्थात, त्याला तिथवर धाडलं मी, एवढं श्रेय मी घेते.

पालकांनो, “घाबरू नको” म्हणण्याआधी मुलाला विचारा, नेमकं कुणाला घाबरतोस? जाहीर केलेल्या गोष्टीतून माघार घ्यायची मुभा घरातून मिळाली, तर बरीच मुलं माघार घेतच नाहीत. मात्र प्रकृतीचं कारण असेल तर डॉक्टरांचा शब्द शेवटचा. आणि वर्गणी घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकावं की पैसा कामासाठी आहे, उडी होवो न होवो.

त्याने डिसेंबरात उडी मारली. दारात पाय लटपटल्याचं गावभर स्वतःच सांगितलं. ग्रामपंचायतीने खोली दिली आहे. सध्या अडलंय ते पंखे आणि वीजमीटरवर.