डार्कथ्रोनचा 'फ्रॉस्टलँड टेप्स' संच घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की डार्कथ्रोन या नॉर्वेच्या मेटल बँडचा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' हा ब्लॅक मेटल अल्बम अतिशय आवडला, तर आता त्यांच्या सुरुवातीच्या टेप एकत्र केलेला 'फ्रॉस्टलँड टेप्स' हा तीन सीडींचा संच घ्यावा का. या बँडचा तेवढा एकच अल्बम ऐकला असेल तर आत्ता घेऊ नका. पुढे कधीतरी मात्र नक्की घ्या.

या संचात ब्लॅक मेटल, म्हणजे हेवी मेटलचा तो कच्चा, थंड आवाजाचा प्रकार, जवळजवळ नाहीच. पीसव्हिल या रेकॉर्ड कंपनीने तो २००८ मध्ये काढला, पण आतलं संगीत डार्कथ्रोन डेथ मेटल (जड गिटार आणि गुरगुरत्या गायनाचं मेटल) वाजवत होते तेव्हाचं आहे. १९८८ चे 'लँड ऑफ फ्रॉस्ट' आणि 'अ न्यू डायमेन्शन', १९८९ चे 'थुलकॅन्ड्रा' आणि 'क्रॉमलेक' असे चार डेमो (अल्बमआधीची कच्ची रेकॉर्डिंग), १९९० मधलं डेन्मार्कमधलं लाइव्ह रेकॉर्डिंग आणि शेवटच्या सीडीवर 'गोटलॉर्ड'चं मूळ, गायनाविना रूप. 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'मधली ती एकसुरी, गोठवणारी गिटार शोधत बसाल तर तिन्ही सीडी संपल्या तरी सापडणार नाही.

'लँड ऑफ फ्रॉस्ट' एकदाच ऐका. नॉर्वेतल्या कोल्बोत्नची शाळकरी वयाची पोरं वाद्यांशी झटतायत, त्यापलीकडे त्यात फारसं काही नाही. 'थुलकॅन्ड्रा'पासून रंग बदलतो, आणि 'क्रॉमलेक'ला तर बँडला स्वतःचा आवाज सापडलेला आहे. हा डेमो लाइव्ह वाजवलेला आहे. त्यातली 'आयकोनोक्लाझम स्वीप्स कॅपाडोशिया'सारखी गाणी पुढे 'सोलसाइड जर्नी' या १९९१ च्या पहिल्या अल्बमवर आली. तो अल्बम स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत झाला आणि त्याचा आवाज भरीव, नीटनेटका आहे. दोन्ही पाठोपाठ ऐका. मला स्वतःला 'क्रॉमलेक' जास्त आवडतो. स्टुडिओत जी धार घासली गेली ती इथे शाबूत आहे.

पण पैसे वसूल होतात ते तिसऱ्या सीडीवर.

'गोटलॉर्ड' हा खरं तर दुसरा अल्बम व्हायचा होता. गाणी बसवून झाली, तालमीत रेकॉर्डही झाली. तेवढ्यात बँडचं मन डेथ मेटलवरून उडालं आणि ते सगळं बाजूला पडून १९९२ मध्ये 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय' हा ब्लॅक मेटल अल्बम आला. तालमीच्या त्या टेपवर बँडचा ड्रमर फेनरिझनं १९९४ मध्ये आपला आवाज चढवला आणि १९९६ मध्ये 'गोटलॉर्ड' बाजारात आला. ते गायन मला कधीच पटलं नाही. किंचाळ्या, चिरका आवाज, मध्येच काहीतरी विचित्र. मूळ वाजवण्याशी त्याचं जमतच नाही. या संचात तो आवाज नाही. पहिल्यांदा हे रूप ऐकलं तेव्हा मी जागचा हललो नाही. गिटारचे रिफ (पुन्हा पुन्हा येणारे सुरांचे तुकडे) एकमेकांत कसे गुंततात, ड्रम मध्येच लय कशी मोडतात, संथ भाग किती जड आहेत, सगळं उघडं पडतं. 'अ ब्लेझ'मधले संथ, डूम मेटलसारखे तुकडे कुठून आले हेही इथे कानाला कळतं. ब्लॅक मेटलचा इतका पायाभूत अल्बम डेथ मेटलच्या अंगणातून उठून आला, हे वाचून कळणं वेगळं आणि ऐकून कळणं वेगळं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी 'अ ब्लेझ' आणि १९९३ चा 'अंडर अ फ्युनरल मून', मग 'सोलसाइड जर्नी'. 'सोलसाइड' ऐकून 'यांनी हे पुढे का नाही नेलं?' असं वाटलं, तर हा संच तुमच्यासाठीच आहे. तो अल्बम कंटाळवाणा वाटला तर चार डेमोंवर खर्च करू नका. आणि फक्त तिसऱ्या सीडीचंच कुतूहल असेल तर पीसव्हिलने २०२३ मध्ये 'गोटलॉर्ड: ओरिजिनल' या नावाने गायनाविना रूप वेगळं काढलं आहे, तेवढं घ्या.

आवाजाबद्दल एक सांगतो. हे सगळं जुन्या टेपवरचं आहे, खरखर असणारच. हेडफोनवर सलग तीन सीडी ऐकल्या तर कान थकतात आणि चांगले भागही निसटून जातात. एका दिवशी एकच सीडी लावा, शक्यतो स्पीकरवर.

संच वापरलेला मिळत असेल तर विक्रेत्याकडून तिन्ही सीडींच्या मागच्या बाजूचे फोटो मागून घ्या आणि तिसरी नीट तपासा. माझ्याकडच्या वापरलेल्या संचात दोन सीडी कोऱ्या करकरीत होत्या आणि ओरखडे नेमके 'गोटलॉर्ड'वर होते.